गिटार पेडलमध्ये एलडीआरने आवाज कमी-जास्त करणे: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

साध्या व्हॉल्यूम पेडलमध्ये गिटारचा सिग्नल थेट पॉटच्या (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरच्या) कार्बन पट्टीतून जातो. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की सरकता संपर्क क्षणाक्षणाला तुटतो आणि त्याची खरखर अँपमधून ऐकू येते. एलडीआर, म्हणजे उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर, वापरला की सिग्नलच्या वाटेत हलणारा भाग उरत नाही. पॉट फक्त एलईडीचा उजेड कमी-जास्त करतो, एलडीआर तो उजेड पाहून आपला रेझिस्टन्स बदलतो आणि आवाज त्याप्रमाणे चढतो किंवा उतरतो.

ही कल्पना जुनी आणि पुरेपूर पारखलेली आहे. फेंडरच्या जुन्या अँपमधला निऑन दिव्याचा ट्रेमोलो, एका बल्बभोवती चार एलडीआर बसवलेला युनी-व्हाइब, मोर्लीची ऑप्टिकल व्हॉल्यूम पेडल्स आणि स्टुडिओतला एलए-२ए कॉम्प्रेसर ही सगळी उपकरणे याच तत्त्वावर चालतात.

नवखे लोक बहुधा कोणता एलडीआर घ्यावा यावर खूप वेळ घालवतात. एलडीआर जवळजवळ कोणताही चालतो. पेडल चांगले वाजणार की नाही हे एलईडी किती बारीक मंद करता येतो यावर ठरते, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या भागाला दिली आहे.

एलडीआर कसा वागतो

बाजारात सहज मिळणारे एलडीआर कॅडमियम सल्फाइडचे असतात. अंधारात त्यांचा रेझिस्टन्स एक मेगाओहमच्या वर जातो आणि एलईडी अगदी चिकटून लावला की तो काहीशे ओहमपर्यंत उतरतो. जीएल५५२८ या नेहमीच्या ५ मिलिमीटर एलडीआरचा रेझिस्टन्स १० लक्स उजेडात ८ ते २० किलोओहम असतो असे त्याची डेटाशीट सांगते. म्हणजे एकाच पाकिटातल्या दोन नगांत दुपटीहून जास्त फरक निघू शकतो. शक्य असेल तर तीन-चार नग घ्या आणि मोजून त्यातला एक निवडा.

हे एलडीआर हिरव्या उजेडाला, साधारण ५४० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्यामुळे पारदर्शक आवरणाचा तेजस्वी हिरवा एलईडी उत्तम, पांढराही चालतो. लाल एलईडीनेही काम होते, मात्र त्याचे व्होल्टेज कमी असल्याने पुढे दिलेल्या सर्किटमध्ये थोडा बदल करावा लागतो.

उजेड दहापट वाढवला तर रेझिस्टन्स दहापट नाही, सुमारे पाचपट उतरतो. हा आकडा लक्षात ठेवा, आवाजाचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

वेगाच्या बाबतीत एलडीआर दोन्ही दिशांना सारखा नसतो. उजेड पडला की रेझिस्टन्स काही मिलिसेकंदांत घसरतो. उजेड गेला की मात्र तो सावकाश चढतो. सुरुवातीचा चढ पटकन होतो, पण पूर्ण अंधाराच्या किमतीपर्यंत पोचायला काही सेकंदही लागू शकतात. डेटाशीटमध्ये अंधारातला रेझिस्टन्स दिवा विझल्यानंतर १० सेकंदांनी मोजतात, त्याचे कारण हेच. दिवसभर डबीत पडून राहिलेला एलडीआर आणि नुकताच उजेडात असलेला एलडीआर तितक्याच प्रकाशात थोडे वेगळे आकडे दाखवतात, म्हणून मोजणीत थोडी चलबिचल दिसली तर भाग खराब आहे असे समजू नका.

सिग्नलच्या ओळीत की ग्राउंडकडे?

एलडीआर दोन ठिकाणी बसवता येतो. सिग्नलच्या ओळीत बसवून त्यानंतर १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे दिला तर उजेड वाढेल तसा आवाज वाढतो. दुसऱ्या पद्धतीत ओळीत १०० किलोओहमचा पक्का रेझिस्टर असतो आणि एलडीआर त्यानंतर ग्राउंडच्या बाजूला असतो. इथे उजेड वाढेल तसा आवाज उतरतो.

पहिली पद्धत मनाला सरळ वाटते, पण हातात घेतल्यावर त्रास देते. एलडीआर १ किलोओहमवरून ५ किलोओहमवर गेला, म्हणजे उजेड दहापट कमी झाला, तरी आवाज जेमतेम अडीच-तीन डेसिबल उतरतो. मग एलईडी विझण्याच्या अगदी काठावर सगळा आवाज एकदम कोसळतो. वर शेवटच्या टप्प्यात एलडीआर सावकाश अंधारत असल्याने सुराची शेपटी लोंबत राहते.

दुसऱ्या पद्धतीत हिशेब असा बसतो:

- एलडीआर १ मेगाओहम: आवाज फक्त ०.८ डेसिबल कमी, म्हणजे जवळजवळ पूर्ण
- १०० किलोओहम: ६ डेसिबल कमी, म्हणजे सिग्नल निम्मा
- ११ किलोओहम: २० डेसिबल कमी, म्हणजे दहावा भाग
- ३.३ किलोओहम: ३० डेसिबल कमी
- १ किलोओहम: ४० डेसिबल कमी, म्हणजे शंभरावा भाग

रेझिस्टन्स जसा पायरीपायरीने उतरतो तसाच आवाजही डेसिबलच्या पायऱ्यांनी उतरतो, आणि कानाला हेच हवे असते. आवाज बंद करायचा असतो तेव्हा एलडीआर वेगाने उजळतो, त्यामुळे सूर झटकन थांबतो. आवाज परत आणताना तो हळू अंधारतो आणि सूर मऊपणे फुलत येतो. व्हॉल्यूम स्वेल वाजवणाऱ्यांना हा मऊ चढ हवाच असतो. शिवाय एलईडी जळाला किंवा त्याची तार निघाली तर पेडल पूर्ण आवाजावर राहते, मंचावर गप्प होत नाही. म्हणून पुढचे सर्किट दुसऱ्या पद्धतीचे आहे आणि पहिल्या बांधणीसाठी तीच घ्यावी.

आधी आणि नंतर बफर का लागतो

गिटारचा पॅसिव्ह पिकअप जड भार सहन करत नाही. एलडीआर पूर्ण उजळलेला असताना १०० किलोओहम आणि एलडीआरचा हा विभाजक गिटारवर सुमारे १०० किलोओहमचा भार टाकतो आणि वरच्या सुरांची धार बोथट होते. दुसऱ्या टोकालाही तीच अडचण आहे. १०० किलोओहमनंतर थेट लांब केबल जोडली तर केबलच्या कपॅसिटन्समुळे वरचे सूर बोथट होतात आणि बाहेरची गुणगुण आत शिरते. यावर उपाय बफर, म्हणजे सिग्नल तसाच ठेवून पुढचा भार स्वतःवर घेणारा टप्पा. एका टीएल०७२ चिपमध्ये दोन ऑप-अँप असतात, आणि प्रत्येकाचा एक बफर होतो. एक आधी आणि एक नंतर लावला की दोन्ही प्रश्न मिटतात.

सामान

- टीएल०७२ ऑप-अँप आणि ८ पायांचा सॉकेट
- जीएल५५२८ एलडीआर ३ नग
- पारदर्शक आवरणाचा तेजस्वी हिरवा ५ मिलिमीटर एलईडी २ नग
- २एन३९०४ ट्रान्झिस्टर
- १एन४१४८ डायोड ५ नग, त्यातला एक राखीव
- १एन५८१७ डायोड
- १० किलोओहमचा लिनियर पॉट, म्हणजे ज्यावर बी१०के असे लिहिलेले असते
- रेझिस्टर: २.२ मेगाओहम १, १ मेगाओहम १, १०० किलोओहम २, १० किलोओहम २, १ किलोओहम ३, १०० ओहम १
- कपॅसिटर: ४७ नॅनोफॅरड फिल्म, १ मायक्रोफॅरड फिल्म, १०० नॅनोफॅरड सिरॅमिक, १० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक, १०० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक २ नग, १६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त
- काळी हीट श्रिंक नळी, ६ आणि ८ मिलिमीटर
- दोन मोनो जॅक, पॉवर जॅक आणि धातूचा डबा

पेडलबोर्डवर वापरतात तोच ९ व्होल्टचा, मध्ये निगेटिव्ह असलेला अडॅप्टर घ्या. हे सर्किट आवाज पूर्ण खाली असताना सुमारे १५ मिलिअँपिअर करंट घेते, त्यामुळे बॅटरी लवकर संपते.

पहिली पायरी: एलईडी आणि एलडीआरची जोडी

बांधणीला इथूनच सुरुवात करा. जोडी नीट बसली नाही तर पुढचे सर्किट कितीही अचूक असले तरी उपयोग नाही.

१. एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह असतो. पाय कापण्याआधी त्या पायाला रंगीत नळीचा तुकडा घाला, कारण जोडी बंद झाल्यावर आतले काही दिसत नाही.

२. हीट श्रिंक नळीचा सुमारे २५ मिलिमीटर तुकडा कापा. एलईडीच्या बुडाला किंचित रुंद कडा असते, ती ६ मिलिमीटरच्या नळीत अडकत असेल तर ८ मिलिमीटरची घ्या.

३. एका बाजूने एलईडी आणि दुसऱ्या बाजूने एलडीआर आत सरकवा. एलडीआरचा नागमोडी रेषांचा चेहरा एलईडीच्या टोकाला टेकला पाहिजे.

४. नळी मधूनच तापवायला सुरुवात करा आणि बाहेरच्या टोकांकडे जा. एका जागी उष्णता रोखून धरू नका, एलडीआरला जास्त उष्णता सोसत नाही.

५. टोके गरम असतानाच चिमट्याने दाबून बंद करा. वरून दुसरी, थोडी लांब नळी चढवा आणि तीही आकसवा. टोके भरायची असतील तर काळा गोंद वापरा. पांढऱ्या किंवा पारदर्शक हॉट ग्लूमधून उजेड आरपार जातो.

एलडीआरची पाठ पांढऱ्या सिरॅमिकची असते आणि तिच्यातूनही उजेड झिरपतो. बरेच जण फक्त समोरची बाजू झाकतात, नंतर जोडी नीट अंधारत का नाही हे त्यांना कळत नाही.

आता मोजा. मल्टिमीटर २ मेगाओहमच्या रेंजवर ठेवून एलडीआरच्या पायांना लावा आणि १० सेकंद थांबा. आकडा १ मेगाओहमच्या वर गेला पाहिजे. टेबलावरचा दिवा जोडीच्या अगदी जवळ आणा. आकडा घसरला तर नळी गळते आहे. मग ९ व्होल्टवरून १ किलोओहम रेझिस्टरमधून एलईडी पेटवा. आता रेझिस्टन्स १ किलोओहमच्या आत यायला हवा. तो ३-४ किलोओहमवर अडकत असेल तर एलईडी आणि एलडीआर यांच्यात फट राहिली आहे किंवा एलईडी तिरका बसला आहे. नळी कापून पुन्हा करा, पुढे सर्किटमध्ये ही उणीव भरून काढता येत नाही.

दुसरी पायरी: सिग्नलची वाट

सगळे आधी ब्रेडबोर्डवर लावा.

पॉवर जॅकच्या पॉझिटिव्हपासून १एन५८१७ डायोड घ्या, पट्टी असलेले टोक सर्किटकडे. उलटा अडॅप्टर लागला तरी काही जळत नाही. डायोडनंतरच्या ठिकाणाला आपण मुख्य पॉझिटिव्ह म्हणू. तिथून १०० ओहम आणि त्यापुढे ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरड लावा. ही ऑप-अँपची स्वच्छ लाइन झाली. ती टीएल०७२ च्या पाय ८ ला द्या, पाय ४ ग्राउंडला. १०० नॅनोफॅरड सिरॅमिक या दोन पायांच्या अगदी जवळ लावा.

स्वच्छ लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. त्यांच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडकडे दुसरा १०० मायक्रोफॅरड. या बिंदूवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे साधारण ४.२ व्होल्ट दिसतील. याला मध्यबिंदू म्हणू.

इनपुट जॅकपासून ग्राउंडकडे २.२ मेगाओहम. जॅकपासून ४७ नॅनोफॅरड पाय ३ ला, आणि पाय ३ पासून १ मेगाओहम मध्यबिंदूला. पाय १ आणि २ एकमेकांना जोडा. पाय १ पासून १०० किलोओहम पाय ५ ला. पाय ५ पासून एलडीआर, आणि एलडीआरचे दुसरे टोक मध्यबिंदूला. पाय ६ आणि ७ एकमेकांना जोडा. पाय ७ पासून १ किलोओहम, मग १ मायक्रोफॅरड, मग आउटपुट जॅक. आउटपुट जॅकपासून ग्राउंडकडे १०० किलोओहम.

एलडीआर ग्राउंडला न जोडता मध्यबिंदूला जोडण्याचे कारण महत्त्वाचे आहे. पाय १ वरही मध्यबिंदूइतकेच डीसी व्होल्टेज असते, म्हणून एलडीआरवर डीसी जवळजवळ शून्य राहते. तो ग्राउंडला जोडला तर उजेड बदलताच पाय ५ वरचे डीसी वर-खाली होते, आवाजाच्या प्रत्येक बदलासोबत अँपमधून थप्प असा ठोका येतो आणि आवाज खाली नेताना सूर फाटतो. सिग्नलच्या दृष्टीने मध्यबिंदू हा १०० मायक्रोफॅरडमुळे ग्राउंडसारखाच असतो.

पाय ५ ला जोडलेले सगळे भाग एकमेकांच्या जवळ ठेवा. सर्किटमध्ये बाहेरची गुणगुण पकडण्याची भीती इनपुटनंतर इथेच सर्वांत जास्त असते.

एवढे झाले की गिटार लावून वाजवा. एलईडी अजून जोडलेला नाही, त्यामुळे आवाज पूर्ण आणि स्वच्छ यायला हवा. इथे आवाज नसेल तर पाय १ आणि पाय ७ वर मध्यबिंदूइतकेच व्होल्टेज आहे का ते पाहा. पाय ३ वर मात्र मल्टिमीटर थोडे कमी व्होल्टेज दाखवेल, कारण मीटर स्वतःच त्या १ मेगाओहमवर भार टाकतो.

तिसरी पायरी: एलईडी बारीक मंद करणे

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एलईडीच्या ओळीत एक मोठा पॉट. तो टाळा. १०० किलोओहमचा पॉट पूर्ण फिरवला तरी एलईडीत सुमारे ६० मायक्रोअँपिअर वाहत राहतात. तेजस्वी एलईडी तेवढ्यावरही चांगला उजळतो, एलडीआर काही दहा किलोओहमवर अडकून राहतो आणि पूर्ण आवाज कधीच मिळत नाही.

दुसरी अडचण फिरण्याच्या अंतराची आहे. आवाज ४० डेसिबल सारख्या गतीने उतरायला हवा असेल तर एलईडीचा करंट काही मायक्रोअँपिअरपासून ५ मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे काहीशे पटींत, हळूहळू चढला पाहिजे. लिनियर पॉट करंट सरळ रेषेत वाढवतो. पहिल्या पाव फेरीतच एलईडी भरपूर उजळतो, आवाज तिथेच कोसळतो आणि उरलेली फेरी वाया जाते.

पुढची जोडणी दोन्ही अडचणी सोडवते:

१. पॉटचा दांडा तुमच्याकडे आणि पाय खाली ठेवा. डावा पाय १, मधला २, उजवा ३.

२. पाय १ मुख्य पॉझिटिव्हला जोडा, १०० ओहमच्या आधीच्या ठिकाणी. एलईडीचा करंट ऑप-अँपच्या स्वच्छ लाइनवर येऊ द्यायचा नाही.

३. पाय ३ पासून ग्राउंडपर्यंत चार १एन४१४८ डायोड एकापुढे एक, प्रत्येकाची पट्टी ग्राउंडच्या दिशेने.

४. पॉटच्या पाय २ आणि ३ मध्ये १ किलोओहम.

५. २एन३९०४ चा सपाट चेहरा तुमच्याकडे आणि पाय खाली धरल्यास डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. कलेक्टर मुख्य पॉझिटिव्हला, बेस पॉटच्या पाय २ ला. बेसपासून ग्राउंडकडे १० मायक्रोफॅरड.

६. एमिटरपासून १ किलोओहम, मग एलईडीचा पॉझिटिव्ह पाय. निगेटिव्ह पाय ग्राउंडला.

चार डायोडांवर मिळून साधारण २.४ व्होल्ट राहतात. हिरवा एलईडी आणि ट्रान्झिस्टर मिळून सुमारे ३ व्होल्टच्या आसपास वाहायला लागतात. म्हणजे पॉट घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवला की एलईडी नक्की विझतो, आणि थोडा मागे आणताच तो अंधूक उजळू लागतो. मधे मेलेला टप्पा फार उरत नाही. पाय २ आणि ३ मधला १ किलोओहम पॉटची चाल वाकवतो: निम्म्या फेरीवर निम्मे व्होल्टेज येण्याऐवजी वरच्या फरकाचा सुमारे सातवा भागच येतो. उरलेली चढण शेवटच्या अर्ध्यात होते, आणि कानाला आवाज सगळीकडे सारखा उतरल्यासारखा वाटतो. बेसवरचा १० मायक्रोफॅरड जुन्या पॉटची खरखर गिळतो, त्यातूनही काही निसटले तर ते एलडीआरच्या संथपणात बरेचसे विरते.

तपासणी सोपी आहे. एमिटरच्या १ किलोओहमवर मल्टिमीटर लावा, जितके व्होल्ट तितके मिलिअँपिअर. पूर्ण आवाजाच्या टोकाला शून्य दिसले पाहिजे. मध्यावर ०.१ व्होल्टच्या आसपास, ०.०५ ते ०.३ पर्यंत काहीही चालेल. शांत टोकाला सुमारे ५ व्होल्ट.

एलईडीचे व्होल्टेज प्रत्येक जातीत वेगळे असते, म्हणून डायोडांची संख्या कानाने ठरवावी. पूर्ण आवाजाच्या टोकापासून बरेच फिरवले तरी आवाज उतरत नसेल तर एक डायोड वाढवा. उलट त्या टोकालाही एलईडी किंचित उजळलेला राहत असेल आणि आवाज पूर्ण येत नसेल तर एक कमी करा. लाल किंवा जुन्या धाटणीचा फिका हिरवा एलईडी साधारण २ व्होल्टवर चालतो, त्याला दोन किंवा तीन डायोड पुरतात. हा एका डायोडचा फरक पेडलच्या हाताळणीत फार मोठा असतो, त्यासाठी थोडा वेळ जरूर द्या.

चौथी पायरी: बोर्डवर उतरवणे आणि डब्यात बसवणे

ब्रेडबोर्डवर समाधान झाले की व्हेरोबोर्ड किंवा परफबोर्डवर सोल्डर करा. एलडीआरचे पाय लांब ठेवा, सोल्डर करताना पाय चिमट्याने धरा म्हणजे उष्णता वर चढत नाही, आणि सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. जोडीच्या दोन टोकांचे पाय वाकवताना एकमेकांना लागणार नाहीत याची खात्री करा, हवे तर त्यांना बारीक नळी घाला.

डब्यात आणखी एखादा दर्शक एलईडी लावणार असाल तर तो जोडीपासून दूर ठेवा. धातूचा डबा इनपुट जॅकपाशी ग्राउंड करा. पाय-स्विचची इथे गरज नाही. पॉट पूर्ण उघडा असला की पेडल म्हणजे एक स्वच्छ बफरच असतो.

बोर्डवर हे पेडल ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवले तर आवाजापेक्षा ड्राइव्हचा जोर जास्त कमी होतो, आणि जास्त गेनच्या पेडलपुढे ४० डेसिबल उतरवलेला सूरही पुसट ऐकू येत राहतो. ड्राइव्हनंतर आणि डिलेच्या आधी ठेवणे बहुतेकांना मानवते, कारण आवाज बंद केला तरी प्रतिध्वनी नैसर्गिकपणे विरत जातो. फझच्या आधी मात्र ठेवू नका. जुन्या घडणीच्या फझला गिटारचा पिकअप थेट समोर लागतो, मध्ये बफर आला की त्याचा स्वभाव बदलतो.

काय बिघडते आणि का

डबा उघडा असताना गुणगुण येते आणि झाकण लावल्यावर थांबते, असे झाले तर आधी ग्राउंडच्या मागे लागू नका. खोलीतले बरेच दिवे विजेच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला १०० किंवा १२० वेळा, लुकलुकतात. नळी गळत असेल तर एलडीआर ते लुकलुकणे आवाजावर उमटवतो. काहीतरी वाजवत ठेवा आणि दिवा बंद करून पाहा. सुरावरची थरथर गेली तर दोष उजेडाचा. सूर नसतानाही गुणगुण चालूच राहिली तर दोष वायरिंगचा.

आवाज पूर्ण बंद होत नाही ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. एमिटरच्या रेझिस्टरवर ५ व्होल्ट आहेत आणि तरीही आवाज बराच उरतो, तर जोडीत फट आहे. व्होल्ट कमी असतील तर पॉटची जोडणी तपासा. दोन्ही ठीक असतील तर तुम्ही एका जोडीच्या मर्यादेपाशी आला आहात, त्यावरचा उपाय शेवटी दिला आहे.

पॉट उलटा चालतो, म्हणजे डावीकडे आवाज वाढतो: पाय १ आणि ३ च्या तारा अदलाबदल करा, आणि १ किलोओहम डायोडच्या बाजूलाच राहील याकडे लक्ष द्या. तो चुकून पॉझिटिव्हच्या बाजूला गेला तर सगळी हालचाल आवाजाच्या टोकापाशी गोळा होते.

आवाज परत यायला फार वेळ लागतो असे वाटत असेल तर आधी कमाल उजेड कमी करा. एमिटरचा १ किलोओहम बदलून २.२ किलोओहम करा. खोलवर उजळलेल्या एलडीआरला परतीचे अंतर जास्त कापावे लागते. यामुळे तळाची शांतता पाच-सहा डेसिबलने घटते, तेवढे चालत असेल तरच हा बदल ठेवा. तरीही संथ वाटला तर पाकिटातला दुसरा नग लावून पाहा, परतीच्या वेगातही नगानगात फरक असतो.

पायाने चालवायचे असेल तर

पॉटमधून आता फक्त डीसी वाहते, म्हणून तो लांब तारेवर न्यायला हरकत नाही. त्यामुळे १० किलोओहमचे एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने फिरणारा पॉट, बाहेरून जोडता येते. इथे एक धोका आहे. त्या जॅकचे ग्राउंड म्हणजे आपल्या सर्किटमधले डायोडांच्या वरचे टोक, म्हणजेच २.४ व्होल्ट. धातूच्या डब्याला टेकणारा जॅक लावला तर डायोड शॉर्ट होतात. प्लॅस्टिकचे आवरण असलेला स्टिरिओ जॅकच घ्या. प्लग आत-बाहेर करताना पॉझिटिव्ह क्षणभर शॉर्ट होते, म्हणून पॉझिटिव्हच्या तारेत ४७० ओहम घाला. एक्स्प्रेशन पेडलांच्या टोकांची जोडणी वेगवेगळी असते, जोडण्याआधी सरकता पाय कोणता हे मीटरने शोधा.

दुसरा मार्ग पडद्याचा. एलईडी कायम ५ मिलिअँपिअरवर पेटता ठेवायचा आणि एलईडी व एलडीआर यांच्यामध्ये पायपट्टीला जोडलेला पडदा सरकवायचा. पडदा आत आला की आवाज वाढतो. आतली पोकळी बिनचमकीच्या काळ्या रंगाने रंगवा, नाहीतर भिंतींवरून परावर्तित उजेड एलडीआरपर्यंत पोचतो आणि पूर्ण आवाज मिळत नाही. पडद्याला सरळ कडा ठेवू नका. त्यात लांबट, एका टोकाला निमुळती होत जाणारी खाच कापा. खाचेचा आकार हीच इथली चाल आहे, आणि ती कात्रीने हवी तशी घडवता येते. पहिला पडदा जाड काळ्या कागदाचा करा आणि चाल पटली की त्याच मापाने पत्रा कापा.

जास्त खोल शांतता

एका जोडीने ४० डेसिबलच्या आसपास शांतता मिळते. त्याहून जास्त हवी असेल तर दुसरी जोडी बांधा. पहिल्या १०० किलोओहम आणि एलडीआरनंतर आणखी एक १०० किलोओहम, त्यापुढे दुसरा एलडीआर मध्यबिंदूला, आणि तिथून पाय ५. दोन्ही एलईडी एकापुढे एक लावा आणि एमिटरचा रेझिस्टर ४७० ओहम करा. दोन हिरवे एलईडी मिळून सुमारे ६ व्होल्ट घेतात, म्हणून डायोडांची साखळीही वाढवावी लागते: चारऐवजी आठ-नऊ, किंवा चार डायोडांपुढे त्याच जातीचा एक जास्तीचा एलईडी. हा जास्तीचा एलईडीही सतत उजळत राहतो, त्याला काळी नळी घाला. शांतता आता ८० डेसिबलकडे जाते, पण चालही दुप्पट तीव्र होते, त्यामुळे पॉटवरचा १ किलोओहम ४७० ओहमपर्यंत खाली आणून पाहा. दोन्ही एलडीआर मोजून जवळपास सारखे निवडा.

एलडीआरमध्ये कॅडमियम असते. ते कापू, घासू किंवा फोडू नका, आणि निकामी झालेले नग घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.